चित्र वीस सेकंद, पाटी चार मिनिटं: आजच्या कलेतलं राजकारण असतं कुठे?

वळचणीची_चिमणी (धागाकर्ती)

गेल्या रविवारी एका प्रदर्शनाला गेले होते. एका दालनात मधोमध जुनं लाकडी टेबल. त्यावर काहीही नाही. कुठून तरी, बहुधा खालून, एक बाई अगदी हळू आवाजात आकडे मोजत होती. मांडणशिल्प एवढंच. शेजारच्या भिंतीवर मात्र हातभर मजकूर: विस्थापन, स्मृतीचा भूगोल, सत्तेचे अदृश्य व्यवहार वगैरे. मी तो इमानेइतबारे वाचला, मान डोलावली आणि पुढे सरकले. बाहेर आल्यावर बहिणीने विचारलं, "टेबलाला खण होता का गं?" मला सांगता येईना. पाटी मात्र बऱ्यापैकी पाठ झाली होती.

तेव्हापासून हा किडा डोक्यात वळवळतोय. 'कलेत राजकारण नको' म्हणणाऱ्यांतली मी नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. आजच्या कलेतलं राजकारण नक्की असतं कुठे, टेबलात की पाटीत?

पिकासोचं 'गेर्निका' घ्या. २६ एप्रिल १९३७ ला स्पेनमधल्या त्याच नावाच्या गावावर जर्मन आणि इटालियन विमानांनी बॉम्ब टाकले आणि जूनच्या सुरुवातीला चित्र तयार होतं. साधारण साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर रुंद. त्यात विमान नाही. कुणाचा झेंडा नाही, गणवेश नाही. घोडा किंचाळतोय, मेलेलं मूल मांडीवर घेऊन आई वर तोंड करून ओरडतेय, डोक्यावर एक उघडा बल्ब. सगळं काळं-पांढरं-करडं, आणि घोड्याच्या अंगावर बारीक बारीक रेघा, छापील वर्तमानपत्रासारख्या. गावाचं नाव पुसून टाकलं तरी हे चित्र माणसाला सोडत नाही.

तर माझा ढोबळ नियम असा: पाटी हाताने झाका आणि बघा. काही उरलं तर कला, नाही उरलं तर भाषण. चुकत असेन तर सांगा, पण उदाहरणासकट सांगा.

तिरकस

टेबल विकत घेतलं असतंत तर पाटी सोबत मोफत होती. (पळतो.)

पानगळ

धागा आवडला. पण मी एक पायरी मागे जाते. मुळात राजकारण हवंच कशाला? बातम्या आहेत, अग्रलेख आहेत, चोवीस तास भांडणारी चॅनेलं आहेत. चित्रासमोर मी उभी राहते ती त्यातून सुटायला. एखाद्या अमूर्त चित्रातला निळा माझ्याशी जे बोलतो त्याला पक्ष नसतो. हल्ली असं म्हणायचीही चोरी झाली आहे, लगेच लोक 'तुम्हाला समाजाचं काही पडलेलं नाही' म्हणून मोकळे होतात.

उत्तररात्र

पानगळ, निळ्याला पक्ष नसतो हे मान्य. पण निळ्याच्या प्रवासखर्चाचं बिल कोण भरतं, ते कधीकधी बघावं लागतं. :) १९५० मध्ये 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' नावाची संस्था निघाली. मासिकं, परिषदा, संगीत महोत्सव, चित्रप्रदर्शनं. तिला पैसा सीआयएकडून येत होता, हे १९६० च्या दशकात उघड झालं. अमेरिकी अमूर्त चित्रकलेला त्यातून नेमकं किती बळ मिळालं यावर अभ्यासक अजून भांडतात. बहुतेक चित्रकारांना याचा पत्ता नव्हता. पण सोव्हिएत रशियात चित्रकाराने ट्रॅक्टर आणि हसरे कामगार रंगवायचे असा दंडक असताना, 'आमच्याकडे बघा, वाट्टेल तसे फटकारे मारायची मुभा आहे' ही जाहिरात आपोआप होत होती. चित्राने तोंड उघडलं नाही तरी त्याला बोलायला लावता येतं.

आणि चिमणीताई, पाटीचा विषय काढलात म्हणून सांगतो. 'गेर्निका' पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लागलं त्याच १९३७ च्या जुलैत म्युनिकमध्ये नाझींनी 'विकृत कला' नावाचं प्रदर्शन भरवलं. जर्मन संग्रहालयांतून जप्त केलेल्या साडेसहाशेच्या आसपास कलाकृती मुद्दाम दाटीवाटीने, वाकड्यातिकड्या टांगल्या आणि भिंतींवर टवाळीची वाक्यं रंगवली. काही चित्रांशेजारी संग्रहालयाने मोजलेली किंमत लिहून 'हे तुमच्या कराच्या पैशातून' असं सांगितलं. त्यातल्या बऱ्याच किमती जर्मनीतल्या १९२० च्या दशकातल्या महागाईच्या भडक्यातल्या होत्या, त्यामुळे आकडे डोळे पांढरे करणारे. वीस लाखांहून अधिक लोक येऊन गेले. चित्रं तीच होती, पाटी बदलली होती.

पानगळ

म्हणजे राजकारण चित्रात घुसलं की काय होतं, याचं हे माझ्याच बाजूचं उदाहरण झालं की!

उत्तररात्र

घुसलं ते चित्रात नाही, भिंतीत. मला तेवढंच म्हणायचं होतं.

खिळा_हातोडी

मी चित्रं टांगतो. म्हणजे प्रदर्शनांची मांडामांड करणाऱ्या टोळीत आहे, बारा वर्षं झाली. लेव्हल धरणे, खिळे ठोकणे, क्रेट उघडणे, दिवे फिरवणे. कलेतलं फार कळत नाही, पण पाट्यांबद्दल दोन शब्द बोलू शकतो, कारण त्या मीच चिकटवतो.

बऱ्याचदा पाटी आधी येते आणि काम नंतर. खरंच सांगतो. मजकूर छापून तयार असतो आणि मूळ वस्तू अजून ट्रकमध्ये किंवा त्याहून वाईट म्हणजे कलाकाराच्या डोक्यात असते. त्याचं कारण पैशात आहे. अनुदान असो, रेसिडेन्सी (कलाकाराला काही काळ राहून काम करायला जागा आणि पैसे) असो, अर्जात 'तुमच्या प्रकल्पाची सामाजिक प्रस्तुतता पाचशे शब्दांत लिहा' असा रकाना असतो. काम झालेलं नसतं, पण प्रस्तुतता लिहावी लागते. एकदा लिहिली की मग काम तिच्या मापाचं शिवायचं. एक मुलगा मला म्हणाला होता, "दादा, मला नुसती माती मळायची होती, पण अर्जात मातीला विस्थापित करावं लागलं." हसलो दोघंही, पण त्याला पैसे मिळाले आणि त्याने माती विस्थापितच केली.

दुसरी गोष्ट पाटीच्या उंचीची. ती बरोबर डोळ्यांच्या रेषेत लावायची असते. जमिनीवर ठेवलेलं काम बघायला वाकावं लागतं, पाटी वाचायला वाकावं लागत नाही. लोक कुठे बघणार?

तिरकस

'मातीला विस्थापित करावं लागलं' — फुटलो. आजच्या दिवसाचं वाक्य.

काळीशाई

खिळेभाऊंनी दुखरी नस पकडली. मी छापचित्रं करते, त्यामुळे हाताच्या बाजूने बोलते.

बंगालचे छापचित्रकार सोमनाथ होर यांची 'वुंड्स' (जखमा) ही मालिका १९७० च्या दशकातली. नाव काढून टाका, पाटी काढून टाका. समोर काय आहे? पांढरा कागद. त्यावर शाई नाही. पांढऱ्यावर पांढरंच काहीतरी उचलून आलेलं, फाटलेलं, एखाद्या ठिकाणी खोल गेलेलं. समोरून उजेड असेल तर काही दिसतही नाही. बाजूने उजेड पडला की चिरा दिसायला लागतात आणि मग पोटात कालवतं.

हे केलं कसं ते कळलं तर आणखी कळतं. त्यांनी कागदावर जखम काढली नाही. मातीच्या सपाट थरावर सुरीने वार केले, कुठे तापलेल्या सळईने भोसकलं. त्यावरून सिमेंटचा साचा घेतला. त्या साच्यात कागदाचा ओला लगदा दाबून भरला आणि वाळल्यावर सोडवून घेतला. म्हणजे कागदावर दिसते ती जखमेची आकृती नाही, तो खरोखरच्या वाराचा ठसा आहे. ज्याने कधी ओला लगदा साच्यातून सोडवलाय त्याला माहीत असतं, तो सुटताना कसा चिकटतो आणि कडा कशा ओरबाडल्या जातात. हात थरथरतो. त्या थरथरण्यात १९४३ चा बंगालचा दुष्काळ आहे, फाळणी आहे, पुढचे सगळे रक्तपात आहेत, पण एकाचंही नाव कागदावर नाही.

आणि हा माणूस काही राजकारणापासून लांब राहणारा नव्हता. कम्युनिस्ट पक्षात होता, १९४६ मध्ये तेभागा या बंगालमधल्या कुळांच्या आंदोलनाच्या गावांत फिरून रेखाटनं आणि रोजनिशी केली होती. त्याच्या आधी चित्तप्रसाद यांनी मिदनापूरमध्ये चालत फिरून दुष्काळाची चित्रं काढली, शाईची, काळीकभिन्न, बरगड्या मोजता येतील अशी. त्यांच्या 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेच्या सुमारे ५ हजार प्रती इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केल्या. चित्तप्रसाद यांची रेघ ओरडून सांगते, कारण तेव्हा माणसं रस्त्यात मरत होती आणि सांगणं निकडीचं होतं. होर यांचा कागद तीसएक वर्षांनी आला. त्याला ओरडायची गरज राहिली नव्हती. दोन्ही राजकीयच. चिमणीताईंच्या नियमात दोन्ही पास होतात, पण वेगवेगळ्या कारणांनी.

जुना_वाचक

काळीशाई, दंडवत. वाचनखूण साठवली.

प्रश्नचिन्ह

मी आता नियमालाच सुरुंग लावतो. फेलिक्स गोन्झालेझ-तोरेस यांचं १९९१ चं काम. दालनाच्या कोपऱ्यात रंगीत कागदांत गुंडाळलेल्या गोळ्यांचा ढीग. येणाऱ्याने एक गोळी उचलायची, खायची, पुढे जायचं. ढीग कमी होत जातो, संग्रहालय पुन्हा भरत राहतं. आता पाटी झाका. काय उरलं? गोळ्या. पोरंटोरं खूश.

पाटी उघडा. आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे ७९ किलो, एका धडधाकट पुरुषाचं. कंसातलं शीर्षक सांगतं की हे रॉसचं व्यक्तिचित्र आहे. रॉस हा कलाकाराचा जोडीदार, त्याच वर्षी एड्सने गेला. म्हणजे तुम्ही आता जी गोळी चघळताय ती एका झिजत चाललेल्या शरीरातून उचललेली आहे. एड्सने माणसं पटापट मरत होती आणि सरकार वर्षानुवर्षं तोंडात गुळणी धरून बसलं होतं, त्या काळातली ही गोष्ट. पाच वर्षांनी स्वतः कलाकारही त्याच रोगाने गेला.

पुढचं तर या धाग्यासाठीच घडल्यासारखं आहे. २०२२ मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये या कामाची पाटी बदलली गेली. नव्या मजकुरात वजनाबद्दल, ढिगाच्या बदलत्या आकाराबद्दल होतं. रॉस आणि एड्स गायब. लोकांनी आरडाओरडा केला, मग संग्रहालयाने तो संदर्भ परत घातला. गोळ्या तिन्ही वेळेला त्याच होत्या. सांगा आता, हे भाषण की कला?

वळचणीची_चिमणी

@प्रश्नचिन्ह, हाणलंत. काल रात्रभर याच्यावरच विचार करत होते.

मला वाटतं फरक असा आहे: तिथे पाटी वाचल्यावर मी परत ढिगाकडे वळते. तोंडातली गोळी एकदम जड होते. आमच्या टेबलाशेजारी पाटी वाचून मी दाराकडे वळले. पण हे टेबलाचं पाप की माझं, तेवढं अजून ठरत नाहीये. म्हणजे नियम मागे घेते, अर्धा.

दोन_पैसे

पाटीच नव्हे तर 'हे कलाप्रदर्शन आहे' हेसुद्धा कुणाला ठाऊक नसताना काय होतं त्याचं उदाहरण. क्युबाच्या कलाकार तानिया ब्रुगेरा, २००८, लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाचा भलामोठा टर्बाइन हॉल. लोक आपापले हिंडताहेत आणि अचानक दोन घोडेस्वार पोलीस आत येतात. खरे पोलीस, खरे घोडे. गर्दी पांगवण्याची त्यांची रोजची तंत्रं वापरायला लागतात: घोडा आडवा घालून अर्ध्या लोकांना एका बाजूला रेटणं, दारात वाट अडवणं, मग सगळ्यांना गोल करून दाटीने उभं करणं. लोकांनी काय केलं? ऐकलं. गुमान बाजूला झाले. कशासाठी, असं फारसं कुणी विचारलंही नाही. ही कलाकृती होती हे नंतर कळलं.

मी याचा व्हिडिओ बघितला तेव्हा घोड्यांपेक्षा लोकांच्या पायांकडे बघत बसलो. डोकं विचार करायच्या आधी पाय मागे सरकतात. आज्ञापालनावर शंभर पानी निबंध वाचून हे कळलं नसतं.

पानगळ

हे मात्र भारी आहे. आणि माझी पंचाईत अशी की मला हे राजकीय वाटतच नाही, माणसाच्या स्वभावाबद्दलचं वाटतं.

दोन_पैसे

पोलिसांना तेच हवं असतं. :)

उत्तररात्र

आता थोडं घरमालकाकडे जाऊ. आतापर्यंत आपण चित्रातलं राजकारण बोलतोय. पण भिंत कुणाची, हा प्रश्न समकालीन कलेत गेली पन्नासएक वर्षं पेटलेला आहे, आणि त्याची काडी बऱ्याच अंशी हान्स हाके या जर्मन कलाकाराने ओढली.

१९७०, न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट. हाके यांनी दोन पारदर्शक मतपेट्या ठेवल्या आणि प्रेक्षकांना विचारलं: गव्हर्नर रॉकफेलर यांनी निक्सन यांच्या इंडोचायना (म्हणजे व्हिएतनाम युद्धाच्या) धोरणाचा निषेध केलेला नाही, या कारणासाठी तुम्ही नोव्हेंबरमध्ये त्यांना मत नाकाराल का? नेल्सन रॉकफेलर तेव्हा निवडणुकीला उभे होते आणि याच संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळावरही होते. 'हो'ची पेटी 'नाही'च्या दुप्पट भरली. पारदर्शक असल्यामुळे येणारा प्रत्येकजण ते बघत होता.

पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्याच गुगेनहाइम संग्रहालयात हाके यांचं प्रदर्शन ठरलं होतं. त्यात मॅनहॅटनमधल्या १४२ इमारतींचे साधे फोटो आणि त्यांच्याखाली टंकलिखित माहिती: मालक कोण, कधी घेतली, गहाण किती. सगळी सरकारी दप्तरातली, कुणालाही बघायला मिळणारी. वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांआड एकच मालकवर्तुळ आहे, हे ते फोटो ओळीने बघत गेलं की उमगायचं. उद्घाटनाला काही आठवडे राहिले असताना संचालकांनी प्रदर्शन रद्द केलं, आणि कलाकाराची बाजू घेणाऱ्या क्युरेटरची नोकरी गेली. युद्धावरचं चित्र चाललं असतं हो. 'गेर्निका' तेव्हा त्याच शहरात, त्या मतपेट्या ठेवलेल्या संग्रहालयात, मानाने टांगलेलं होतं. घरभाड्याची नोंदवही चालली नाही.

चिमणीताईंसाठी एक पुरवणी. 'गेर्निका'चा विणलेला पडदा याच नेल्सन रॉकफेलर यांनी १९५५ मध्ये करवून घेतला होता. तो पुढे संयुक्त राष्ट्रांत सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेर लागला. फेब्रुवारी २००३ मध्ये इराकयुद्धाची बाजू मांडायला कॉलिन पॉवेल आले, तेव्हा त्यावर निळा पडदा टाकला होता. सारवासारव अशी की टीव्हीच्या कॅमेऱ्यांना मागे साधी पार्श्वभूमी हवी होती. पाटी नसली तरी चित्र बोलतं, हे पडदा टाकणाऱ्यांना चांगलं कळत होतं.

जुना_वाचक

यात अमेरिकी छायाचित्रकार नॅन गोल्डिन यांचं नाव यायलाच हवं. शस्त्रक्रियेनंतर मिळालेल्या ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामकाच्या विळख्यात त्या स्वतः अडकल्या होत्या. बाहेर पडल्यावर त्यांनी औषध बनवणाऱ्या सॅकलर कुटुंबाच्या देणग्यांविरुद्ध संग्रहालयांतच मोहीम उघडली. मार्च २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या सॅकलर दालनातल्या पाण्यात औषधाच्या बाटल्या फेकल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये गुगेनहाइमच्या त्या प्रसिद्ध गोल चढणीच्या वरच्या मजल्यांवरून हजारो पांढऱ्या चिठ्ठ्या खाली सोडल्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसारख्या छापलेल्या. कोर्टातल्या कागदपत्रांनुसार त्या कुटुंबातल्या एकाने औषध बाजारात येताना 'प्रिस्क्रिप्शन्सचं हिमवादळ' येईल असं भाकीत केलं होतं. गोल्डिन यांनी ते वादळ शब्दशः पाडलं.

त्यानंतर जुलै २०१९ मध्ये लूव्रने आणि डिसेंबर २०२१ मध्ये मेट्रोपॉलिटनने सॅकलर हे नाव दालनांवरून काढलं. पाटीचीच गोष्ट चाललीये म्हणून सांगतो: इथे अख्खी कलाकृती म्हणजे एक पाटी उतरवणं.

तिरकस

सगळं ठीक. पण बाजाराची पचनशक्ती विसरू नका. २०१८ मध्ये लंडनच्या लिलावात बँक्सी या भिंतींवर चित्रं काढणाऱ्या निनावी कलाकाराचं चित्र सुमारे १० लाख पौंडांना गेलं आणि हातोडा पडताक्षणी चौकटीत लपवलेल्या यंत्रातून अर्धं फाटून खाली आलं. बाजाराच्या थोबाडीत वगैरे. तीन वर्षांनी तेच फाटकं चित्र १ कोटी ८० लाख पौंडांच्या वर विकलं गेलं. थोबाडीत खाऊन बाजार म्हणाला, दुसऱ्या गालाचे किती?

खिळा_हातोडी

आमच्या टोळीत सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला होता: चौकट इतकी जाड आणि जड, टांगताना कुणाला शंका कशी आली नाही?

काळीशाई

अजून एक जोडी मांडते, कारण 'राजकीय कलाकार' म्हटलं की सगळं एका मापात मोजतात. चिनी कलाकार आय वेवे. २००८ च्या चीनमधल्या सिचुआन भूकंपात निकृष्ट बांधकामाच्या शाळा कोसळल्या आणि हजारो मुलं गेली. सरकार नावं देईना. आय आणि त्यांचे स्वयंसेवक गावोगाव फिरले, दारं ठोठावली आणि ५ हजारांहून जास्त मुलांची नावं जमवली. शाळांच्या ढिगाऱ्यातल्या वेड्यावाकड्या झालेल्या सळया मिळवल्या आणि कारागिरांनी हातोड्याने एकेक ठोकून सरळ केली. सुमारे १५० टन लोखंड. दालनात ते नुसतं रचून ठेवलेलं असतं, लाटेसारखं. बांधकामाच्या दुकानातून आत्ता आणल्यासारखं सरळ. अस्वस्थ करणारी गोष्ट हीच. ज्याने कधी वाकलेली सळई ठोकलीये त्याला ठाऊक असतं की ती पूर्ण सरळ कधीच होत नाही, कुठेतरी पोक राहतं. जवळून बघितलं तर ते दिसतं.

याच माणसाने २०१६ मध्ये ग्रीसच्या किनाऱ्यावर पालथं पडून स्वतःचा फोटो काढून घेतला. २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या छोट्या सीरियन मुलाच्या मृतदेहाची ती नक्कल. माझ्या मते हा फोटो म्हणजे निव्वळ कचरा. हेतू चांगला होता, मान्य. पण मूळ छायाचित्र जगाने बघितलं होतं, त्यात यांच्या पोटाने काय भर घातली? सळयांत त्यांचा चेहरा कुठेच नाही, म्हणून मुलं दिसतात. फोटोत चेहरा आहे, म्हणून मूल दिसेनासं होतं.

प्रश्नचिन्ह

'निव्वळ कचरा' जरा जास्त होतंय. दुसऱ्याच्या यातनांच्या जागी स्वतःला ठेवून बघणं हीच तर कलेची जुनी वाट.

काळीशाई

ठेवून बघणं वेगळं आणि ठेवून दाखवणं वेगळं.

उत्तररात्र

हाच वाद २०१७ च्या व्हिटनी बिएनालेत (न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाचं दर दोन वर्षांनी भरणारं प्रदर्शन) झाला होता. डेना शुट्झ या गोऱ्या चित्रकर्तीने एमेट टिल या १९५५ मध्ये क्रूरपणे मारल्या गेलेल्या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचं शवपेटीतलं चित्र रंगवलं. त्याच्या आईने तेव्हा मुद्दाम पेटी उघडी ठेवली होती, जगाने बघावं म्हणून. एक कृष्णवर्णीय कलाकार प्रदर्शनात त्या चित्रासमोर, प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला, इतरांना ते नीट दिसू नये म्हणून. चित्र नष्ट करा, असं खुलं पत्रही निघालं. नष्ट करण्याच्या मागणीला माझा ठाम विरोध आहे, आजही. पण तो पाठमोरा उभा राहिलेला माणूस मला त्या चित्रापेक्षा जास्त आठवतो.

पानगळ

तुम्ही सगळ्यांनी मिळून माझा शनिवार खाल्लात. मत बदललेलं नाही, मला अजून निळाच हवाय. पण आता निळ्याखालची पाटी वाचेन, देणगीदाराचं नाव बघायला.

वळचणीची_चिमणी

काल प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. परत गेले.

या वेळी पाटीकडे पाठ करून उभी राहिले. मग बसलेच जमिनीवर. रखवालदाराने दोनदा बघितलं, काही बोलला नाही. टेबल सागाचं नाही, कसल्यातरी हलक्या लाकडाचं आहे, वर सागासारखा रंग दिलेला. खण आहे, पण त्याला मूठ नाही, मुठीच्या जागी दोन भोकं. मोजणारी बाई १ पासून सुरू करत नाही. ४१२ वर चुकते, थांबते आणि ४०९ पासून परत मोजते. पाच मिनिटं ऐकल्यावर हे लक्षात आलं आणि त्या चुकीपाशी अंगावर काटा आला. काय मोजतेय ते अजूनही माहीत नाही. पाटीवर यातलं काहीच नव्हतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. मागच्या डाव्या पायाखाली कागदाची घडी सरकवलेली होती, टेबल डुलू नये म्हणून घालतात तशी. अगदी गाल जमिनीला लावून बघितलं. छापील सरकारी कागद, त्यावर गोल शिक्क्याचा अर्धा भाग. अख्खं टेबल त्या नोटिशीवर उभं आहे! विस्थापनावर हातभर लिहिणाऱ्यांनी हे एक वाक्यही लिहू नये? की मुद्दाम नाही लिहिलं, वाकणाऱ्यालाच दिसावं म्हणून? घरी आले तरी ती घडी डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

काळीशाई

बाई गं. ४०९.

खिळा_हातोडी

ताई, सांगू की नको असा विचार करत होतो. ते प्रदर्शन आमच्या टोळीने मांडलेलं नाही, त्यामुळे छातीठोक सांगता येणार नाही. पण जुन्या दालनांची फरशी कधीच समतल नसते. टेबल डुललं की आम्ही हाताला लागेल तो कागद घडी करून पायाखाली सारतो. आणि मांडामांडीच्या दिवसात हाताला लागतो तो कागद बहुतेक वेळा मालवाहतुकीची पावती नाहीतर कस्टम्सचा फॉर्म असतो. शिक्क्यासकट.

तिरकस

(शांतता.)

वळचणीची_चिमणी

खिळेभाऊ, शिक्का निळा होता की जांभळा, हे मी बघितलंच नाही. कस्टम्सचा कुठला असतो?

खिळा_हातोडी

दोन्ही असतात.